‘त्या काळी’ म्हणजे नेमकं कधी?

लॉरा इंगल्स वाइल्डर यांची ‘लिटल हाऊस ऑन द प्रेअरी’ ही बालकादंबरी १९३५ साली आली. आईवडील, तीन मुली, कापडी छताची घोडागाडी आणि जॅक नावाचा कुत्रा एवढा संसार घेऊन कॅन्सासच्या गवताळ माळावर घर उभारणाऱ्या कुटुंबाची ही गोष्ट. अमेरिकेत तिच्यावर चार पिढ्या वाढल्या आहेत. आपल्याकडच्या इंग्रजी वाचणाऱ्या मुलांच्या आणि अमेरिकेत वाढणाऱ्या मराठी मुलांच्या हातीही ती पडते. या पुस्तकातल्या मूळनिवासींविषयीच्या मजकुराचा विषय निघाला, की वाचक बहुधा एक ठरावीक उत्तर देतात. पुस्तक गोड आहे, काही वाक्यं आज खटकतात हे खरं, पण ती त्या काळची माणसं होती. त्या काळी सगळेच तसा विचार करत. आजची फूटपट्टी कालच्या माणसांना लावू नये.

हे मत सौम्य आहे, समंजस वाटतं, म्हणूनच ते इतकं पसरलं आहे. पुस्तक कपाटातून काढून टाका म्हणणारे आणि त्याच्यावर एक शब्दही ऐकून न घेणारे, या दोघांच्या मधली ती सोयीची जागा आहे. माझं म्हणणं असं, की हे मत वस्तुस्थितीला धरून नाही. ‘त्या काळी सगळे’ या दोन्ही शब्दांत चूक आहे: काळ चुकीचा धरला आहे आणि ‘सगळे’ कोण हे मोजलेलंच नाही. शिवाय या बचावामुळे पुस्तक वाचतं असं वाटत असलं, तरी प्रत्यक्षात ते अर्धंच वाचलं जातं.

आधी पूर्वपक्षाचं बळ मान्य करतो, कारण ते खरंच मोठं आहे. घर कसं बांधतात हे इतक्या नेमकेपणाने सांगणारं मुलांचं पुस्तक मी दुसरं वाचलेलं नाही. ओंडक्यांच्या टोकांना खाचा पाडून ते एकमेकांत बसवणं, खिळे नाहीत म्हणून लाकडी खुंट्यांवर दार उभं करणं, चामड्याच्या पट्ट्यांच्या बिजागऱ्या, आतली कडी बाहेरून उघडण्यासाठी भोकातून सोडलेली दोरी: वाचून झाल्यावर दहा वर्षांचं मूल तसं दार मनातल्या मनात बनवू शकतं. विहीर खणण्याचं प्रकरण घ्या. पा (लॉराचे वडील) रोज आत उतरण्याआधी मेणबत्ती खाली सोडून हवा तपासतो. शेजारी स्कॉट तो खुळचटपणा समजतो, एके सकाळी मेणबत्ती न सोडता उतरतो आणि तळाशी साचलेल्या वायूने बेशुद्ध पडतो. भीती, कौशल्य आणि शेजारधर्म हे सगळं त्या चारदोन पानांत आहे. नाताळच्या सकाळी पुराने फुगलेला ओढा पोहून शेजारी मिस्टर एडवर्ड्स मुलींसाठी पत्र्याचे पेले आणि पेपरमिंटच्या कांड्या घेऊन येतो, तो प्रसंग लहानपणी वाचलेली माणसं म्हातारपणीही सांगतात. या प्रेमाला खोटं म्हणण्याचं मला कारण नाही.

‘आजची फूटपट्टी कालच्यांना लावू नये’ हा नियमही मुळात चांगला आहे. इतिहास वाचताना तो पाळलाच पाहिजे. पण नियम लागू करण्याआधी दोन गोष्टी ठरवाव्या लागतात. ‘काल’ म्हणजे कधी, आणि काल कोणती फूटपट्टी वापरात होती?

लॉराचा जन्म ७ फेब्रुवारी १८६७ चा, विस्कॉन्सिनमधल्या पेपिनजवळचा. इंगल्स कुटुंब कॅन्सासात गेलं १८६९ मध्ये आणि तिथून निघालं १८७१ च्या वसंतात. म्हणजे त्या माळावर खरी लॉरा होती अडीच ते चार वर्षांची. कादंबरीतली लॉरा मात्र पाच-सहा वर्षांची चुणचुणीत मुलगी आहे. ती प्रश्न विचारते, मनात नोंद ठेवते. हे वय लेखिकेने दिलेलं आहे. कॅरी कादंबरीत तान्ही असतानाच गाडीतून येते. खरी कॅरी ऑगस्ट १८७० मध्ये कॅन्सासातच जन्मली. घर इंडिपेन्डन्स गावापासून चाळीस मैलांवर असल्याचं पुस्तक सांगतं. जिथे ते कुटुंब खरोखर राहिलं ती जागा त्याच्या निम्म्याहूनही कमी अंतरावर, माँटगोमेरी काउंटीतच आहे. आपण ‘इंडियन टेरिटरी’त, म्हणजे आजच्या ओक्लाहोमात होतो, अशी वाइल्डरबाईंची समजूत होती. ज्यांच्या मुलखात ते राहिले त्या ओसेज या मूळनिवासी लोकांच्या प्रमुखाचं नाव त्यांना आठवत नव्हतं. १९३३ मध्ये त्यांनी पत्रं पाठवून चौकशी केली आणि एका पत्रातून ‘सोल्दा द्यु शेन’ हे नाव मिळवलं. त्या काळातल्या ओसेज प्रमुखांच्या नोंदींत त्या नावाचा माणूस अभ्यासकांना सापडलेला नाही.

हे सगळं त्यांना खोटं ठरवण्यासाठी सांगत नाही. अडीच वर्षांच्या मुलाला जे आठवूच शकत नाही ते लेखिकेने वडिलांच्या गोष्टींतून, पत्रांतून आणि कल्पनेतून उभं केलं, ही कादंबरीकाराची रीतसर कामगिरी आहे. पण मग हे पुस्तक १८७० च्या मनाचा आरसा कसं ठरतं? ते लिहिलं सत्तरीच्या जवळ आलेल्या, वर्तमानपत्रात वर्षानुवर्षं स्तंभलेखन केलेल्या बाईंनी, मिझुरीतल्या मॅन्सफील्ड इथल्या आपल्या घरी, महामंदीच्या ऐन भरात. त्यावर संस्कार केले त्यांची मुलगी रोझ वाइल्डर लेन यांनी. त्या स्वतः नामांकित लेखिका होत्या, रूझवेल्ट सरकारच्या मदत योजनांच्या कडव्या विरोधक होत्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या राजकीय विचारावर त्यांनी १९४३ मध्ये ग्रंथही लिहिला. मायलेकींनी काय ठेवलं आणि काय वगळलं याचा हिशेब आज उघड आहे. १९३० च्या सुमारास प्रौढांसाठी लिहिलेली, तेव्हा प्रकाशकांनी नाकारलेली ‘पायोनियर गर्ल’ ही आठवणींची वही २०१४ मध्ये टिपांसह छापली गेली. कॅरोलिन फ्रेझर यांच्या ‘प्रेअरी फायर्स’ या चरित्राला २०१८ चा पुलित्झर पुरस्कार मिळाला.

वगळलेल्या गोष्टी पाहा. नऊ महिन्यांचा होऊन १८७६ मध्ये गेलेला भाऊ फ्रेडी या मालिकेत नाही. आयोवातल्या बर ओकचा, हॉटेलात राबण्याचा आणि देणी न फेडता रात्री गाव सोडण्याचा काळ नाही. टोळधाडीनंतर मिनेसोटा राज्याकडून वडिलांनी घेतलेलं पीठ नाही. आंधळ्या मेरीच्या शिक्षणाची फी डकोटा टेरिटरीच्या सरकारी तिजोरीतून भरली जात होती, त्याचाही उल्लेख नाही. सांगितलं ते खरं आहे, पण खरं होतं ते सगळं सांगितलेलं नाही, असं वाइल्डरबाई १९३७ मध्ये डेट्रॉइटच्या पुस्तकमेळ्यात म्हणाल्या. त्याच भाषणात, बेन्डर या कुप्रसिद्ध खुनी कुटुंबाच्या शोधात वडील बंदूक घेऊन निघाले होते, असंही त्यांनी सांगितलं. बेन्डरांची कृत्यं उघडकीला आली १८७३ मध्ये, इंगल्स कुटुंबाने कॅन्सास सोडल्याला दोन वर्षं झाल्यावर. जी लेखिका इतकं निवडते, मांडते, बदलते, तिच्या पानावर जे राहिलं ते ‘काळाने’ लिहिलं असं म्हणणं तिच्या कलेचाच अपमान आहे.

आता या वादातला मला सर्वांत निर्णायक वाटणारा पुरावा. तो पुस्तकाच्या आतच आहे आणि बचाव करणारे वाचक त्याच्यावरून रोज पुढे जातात. सगळं कुटुंब हिवतापाने अंथरुणाला खिळतं ते प्रकरण आठवा. डॉक्टर टॅन येऊन कडू औषध देतात. शेजारच्या मिसेस स्कॉट म्हणतात, ओढ्याकाठची कलिंगडं खाल्ल्याने हा ताप येतो. पा ते हसण्यावारी नेतो, कलिंगड आणतो आणि खातो. आणि प्रकरणाच्या शेवटी निवेदिका गोष्टीबाहेर पाऊल टाकून वाचकाला सांगते, की हा मलेरिया होता आणि तो डासांमुळे होतो हे त्या काळी कुणाला माहीत नव्हतं. मलेरियाचा जंतू डासाच्या पोटात सापडला १८९७ मध्ये, आपल्या सिकंदराबादेत, रोनाल्ड रॉस यांना. म्हणजे १८७० च्या गोष्टीत १९३५ चं ज्ञान आणून पात्रांची समजूत दुरुस्त करणं वाइल्डरबाईंना मान्य होतं, जमतही होतं, आणि बालवाचकाच्या गोष्टीतल्या रमण्याला त्याने धक्का लागत नाही हेही त्यांना ठाऊक होतं. डासांबाबत त्यांनी ते केलं. जमिनीबाबत केलं नाही. ही जमीन कायद्याने ओसेज लोकांची होती, एवढं एक वाक्य लिहायला डासांच्या वाक्याहून जास्त शाई लागली नसती. तेव्हा ‘त्या काळच्या नजरेतून लिहिलं आहे’ हे सगळ्या पुस्तकाला लागू पडत नाही. निवेदिका हवं तेव्हा त्या नजरेबाहेर येते.

(डॉक्टर टॅन हे पात्रही खरं आहे. डॉ. जॉर्ज टॅन हे कृष्णवर्णीय वैद्य इंगल्स कुटुंबाच्या शेजारी राहत. दक्षिणेत गुलामगिरी संपून जेमतेम पाच वर्षं झाली होती, आणि या पुस्तकात एक काळा डॉक्टर एका गोऱ्या घराचे प्राण वाचवतो, तेही कोणताही गाजावाजा न करता. वाइल्डरबाईंना मोकळ्या मनाने पाहता येत होतं, याचा हा दाखला आहे, आणि तो त्यांच्या श्रेयात मोजलाच पाहिजे.)

हे झालं १९३५ चं. पण क्षणभर धरून चालू, की पुस्तक खरंच १८७० चं आहे. तेव्हाची फूटपट्टी काय सांगत होती?

१८६५ च्या तहाने ओसेजांनी कॅन्सासातला बराच मुलूख सोडला आणि त्यांच्याकडे उरला तो ‘ओसेज डिमिनिश्ड रिझर्व्ह’. इंगल्स कुटुंबाचं घर याच राखीव मुलखात होतं. १८६८ मध्ये स्टर्जिस नावाच्या रेल्वेवाल्याने ऐंशी लाख एकर जमीन एकरी वीस सेंटच्या आत उचलण्याचा तह घडवून आणला. त्याविरुद्ध इतकी ओरड झाली की त्याला सेनेटची मंजुरी मिळालीच नाही. वसाहतकरी मात्र आत शिरतच राहिले. आपण कुणाच्या जमिनीवर आहोत हे त्यांना कळत नव्हतं का? दावा मांडण्याबद्दल ओसेज प्रमुखांना पैसे मोजणारे वसाहतकरी होते, अशा नोंदी आहेत. मालकाला ओळखल्याशिवाय कुणी भाडं देत नाही. १८७० च्या जनगणनेत इंगल्स कुटुंबाचं नाव रटलंड टाउनशिपच्या यादीत आहे, आणि तिथल्या जमिनी ओसेजांच्या असून वसाहतकऱ्यांचा त्यांवर मालकी हक्क नाही, ही गोष्ट जनगणना करणाऱ्याने त्याच कागदांत नोंदवली. ओसेजांसाठी नेमलेला सरकारी एजंट आयझॅक गिब्सन हा क्वेकर पंथाचा माणूस. वसाहतकरी ओसेजांचे घोडे चोरतात, मक्याची शेतं बळकावतात, थडगीसुद्धा लुटतात, असं त्याने वरिष्ठांना कळवलं, आणि या दोहोंत रानटी कोण हा प्रश्न त्याच अहवालात विचारला. हा प्रश्न एकविसाव्या शतकातल्या कुठल्या प्राध्यापकाचा नाही. तो तिथल्या, त्याच वर्षांतल्या, गोऱ्या सरकारी नोकराचा आहे.

पुस्तकात पा जमीन सोडतो तो वॉशिंग्टनच्या राजकारण्यांवर चिडून. सैनिक येऊन हुसकावून लावणार म्हणून. प्रत्यक्षात १५ जुलै १८७० च्या कायद्याने काँग्रेसने ओसेजांना दक्षिणेला हलवून ही जमीन वसाहतकऱ्यांना एकरी सव्वा डॉलरने विकायचं ठरवलं होतं, आणि त्या सप्टेंबरात ओसेजांनी नाइलाजाने संमतीही दिली होती. इंगल्स कुटुंब निघालं त्यानंतर. विस्कॉन्सिनमधलं घर ज्याला विकलं होतं त्याला पैसे फेडता येईनात, म्हणून ते घर परत ताब्यात येत होतं, हे निघण्याचं एक कारण होतं. १६० एकरांचे दोनशे डॉलर वडिलांजवळ नव्हते, असंही मला वाटतं, पण तो माझा तर्क झाला. सरकारने वसाहतकऱ्यांवर अन्याय केला, हा सूर मात्र इतिहासातून आलेला नाही. तो १९३५ च्या राजकारणाशी फार जवळचा आहे, आणि ‘त्या काळची माणसं’ म्हणणारे वाचक नकळत मंदीच्या काळातला वाद १८७० च्या माथी मारतात.

कॅन्सासबाहेर पाहिलं तर ‘सगळे’ हा शब्द आणखी पोकळ होतो. १८७९ मध्ये ओमाहाच्या न्यायालयात पाँका या मूळनिवासी जमातीचे प्रमुख स्टँडिंग बेअर यांचा खटला चालला. इंडियन, म्हणजे अमेरिकेतला मूळनिवासी, हा कायद्याच्या अर्थाने माणूस आहे की नाही, असा प्रश्न होता. न्यायाधीश डंडी यांनी निकाल दिला: आहे. लॉरा तेव्हा बारा वर्षांची होती. १८८१ मध्ये हेलन हंट जॅक्सन यांनी सरकारने मोडलेल्या तहांची जंत्री देणारं ‘अ सेंचुरी ऑफ डिसऑनर’ लिहून काँग्रेसच्या प्रत्येक सदस्याला पाठवलं.

आणि मराठी वाचकाने हा बचाव करताना तर दोनदा विचार करावा. जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’ १८७३ ची, इंगल्स कुटुंबाची गाडी कॅन्सासातून निघाली त्यानंतर दोनच वर्षांनी पुण्यात निघालेली. ती अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केली आहे, गुलामगिरी मोडल्याबद्दल. हे आपण शाळेपासून ऐकतो. पण त्याच पुस्तकाच्या इंग्रजी प्रस्तावनेत फुले अमेरिकेची दुसरी बाजूही पुढे ठेवतात: युरोपीय वसाहतकऱ्यांनी तिथल्या मूळच्या लोकांवर केलेल्या क्रौर्याशी ते आर्यांनी इथल्या मूळच्या लोकांवर केलेल्या जुलमाची तुलना करतात. समुद्रापलीकडे, पुण्यात बसलेल्या माणसाला १८७३ मध्ये जे उघड दिसत होतं, ते त्याच जमिनीवर राहणाऱ्यांना दिसणं शक्यच नव्हतं, असं आपण कोणत्या तोंडाने म्हणायचं? पंडिता रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या. १८८९ मध्ये आलेल्या आपल्या अमेरिकेवरच्या मराठी पुस्तकात रमाबाईंनी त्या देशाची भरभरून स्तुती केली, तरी मूळनिवासींच्या वाट्याला आलेल्या अन्यायाकडे डोळेझाक केली नाही. ‘त्या काळी सगळे’ या शब्दांत फुले बसत नाहीत, रमाबाई बसत नाहीत, गिब्सन आणि डंडी बसत नाहीत.

आणि ओसेज? त्यांचा काळ कोणता? हा बचाव ऐकताना मला सर्वांत जास्त हे लागतं. ‘त्या काळी सगळे असाच विचार करत’ असं म्हणताना ज्यांच्या शेतांत, ज्यांच्या गावांशेजारी ही घरं उठत होती, ती माणसं त्या काळात धरलीच जात नाहीत. ते लोक दीडशे वर्षं फ्रेंच व्यापाऱ्यांशी व्यवहार करत आले होते, नीओशो नदीकाठच्या जेझुइट मिशनमध्ये त्यांची मुलं शिकत होती, आणि तहाच्या बैठकांत ते आपलं म्हणणं मांडत होते. कॅन्सास सुटल्यावर जमिनीच्या विक्रीतून आलेल्या पैशांतून त्यांनी चेरोकींकडून आजच्या ओक्लाहोमातला मुलूख विकत घेतला. पुढे तिथे तेल लागलं आणि १९२० च्या दशकात त्या तेलासाठी ओसेजांचे खून पडले, ती हकिगत ‘किलर्स ऑफ द फ्लॉवर मून’ या २०१७ च्या पुस्तकामुळे आणि त्यावरच्या २०२३ च्या चित्रपटामुळे आपल्याकडेही पोचली आहे. ‘लिटल हाऊस’ लिहिलं जात होतं तेव्हा त्या खुनांच्या बातम्यांना फार वर्षं लोटलेली नव्हती. ओसेज राष्ट्राची राजधानी आज पॉहस्का इथे आहे.

यावर काही जाणते वाचक म्हणतील: पुस्तकाचा सूर एकेरी नाही, त्यात परस्परविरोधी आवाज आहेत. ही हरकत वजनदार आहे आणि मी ती आनंदाने मान्य करतो. मेलेला इंडियन तेवढाच चांगला, या अर्थाचं वाक्य स्कॉट कुटुंबाच्या तोंडी आहे. पा त्याच्याशी सहमत नाही. मा, म्हणजे आई, हिला त्या लोकांची भीती आणि घृणा वाटते, लॉराला कुतूहल. एका रात्री ती वडिलांना विचारते, हे लोक कुठे जाणार? पा सांगतो, गोरे आले की त्यांना पुढे जावंच लागतं. आपण आधी आलो म्हणून जमीन निवडायची संधी आपली. लॉरा पुन्हा विचारू लागते, पण हा मुलूख तर त्यांचा ना, मग त्यांना राग येणार नाही का, आणि पा तिला थांबवतो: आता प्रश्न पुरे, झोप. बालवाङ्मयात इतकं प्रामाणिक पान क्वचित असतं. वडिलांकडे उत्तर नाही आणि लेखिकेने ते नसणं झाकलेलं नाही.

पण हेच पान ‘त्या काळी सगळे’ या बचावाच्या मुळावर येतं. प्रश्न कादंबरीतल्या मुलीलाच पडतो, म्हणजे तो त्या जगात पडू शकत होता, असं लेखिकाच सांगते आहे. पाच-सहा वर्षांच्या लॉराला जे खुपलं, ते तीस-चाळीस वर्षांच्या वाचकाने काळाच्या नावावर माफ करायचं, हे उलटं झालं.

मात्र या आवाजांचं श्रेय देताना त्यांची मर्यादाही पाहावी लागते. शेवटाकडे ओसेजांची लांबच लांब रांग दारावरून जाते. लॉरा एका तान्ह्या बाळाच्या काळ्या डोळ्यांत हरवते, ते बाळ मला हवं म्हणून रडते. रांग संपल्यावर घरात कुणाला काही करावंसं वाटत नाही. ही पानं अतिशय ताकदीची आहेत आणि नेमका इथेच वाचक फसतो. कारण जाणाऱ्यांचं दुःख आपण पाहतो, पण त्यांना जायला कुणी लावलं हे दिसत नाही. सूर्य मावळावा तसे ते जातात. जो एक प्रमुख ‘चांगला’ ठरतो, तो गोऱ्यांना वाचवतो म्हणून. स्वतःच्या लोकांसाठी तो काय बोलला ते आपल्याला कळत नाही. त्याच्या तोंडी पुस्तकाने एकही तक्रार दिलेली नाही. घरात शिरून तंबाखू आणि मक्याची भाकरी नेणारे दोघे आपल्याला चोर वाटतात. आपल्याच जमिनीवर बसलेल्याकडून वाटा मागणारे म्हणून त्यांच्याकडे पाहण्याची सोय पुस्तकात नाही. वाचकाला हळवं करून सोडण्यात आणि वाचकाला कळवण्यात फरक आहे, आणि पुस्तक पहिलं करून थांबतं.

खुद्द लेखिकेने काळाचा आडोसा घेतला नव्हता, हेही इथेच सांगायला हवं. पहिल्या आवृत्तीत, सुरुवातीच्याच पानांत, पश्चिमेच्या त्या मुलखात माणसं नव्हती, फक्त इंडियन राहत होते, असा मजकूर होता. १९५२ मध्ये एका वाचकाने प्रकाशकांना लिहून हरकत घेतली. संपादक अर्सुला नॉर्डस्ट्रॉम यांनी ती वाइल्डरबाईंना कळवली. पंच्याऐंशी वर्षांच्या बाईंनी, आपल्याकडून ढोबळ चूक झाली, इंडियनही माणसंच आहेत, मजकूर जरूर बदला, असं उत्तर दिलं. १९५३ पासून तिथे ‘माणसं’ऐवजी ‘वसाहतकरी’ आहे. सतरा वर्षं ते वाक्य हजारो घरांत वाचलं गेलं आणि संपादकांनाही ते आधी कधी दिसलं नव्हतं. दाखवणारा एक वाचक निघाला तेव्हा दिसलं. त्या वाचकाला कुणी ‘त्या काळची माणसं’ म्हणून गप्प केलं असतं तर ते तसंच राहिलं असतं.

आता दुसऱ्या टोकाकडे. १९९८ मध्ये मिनेसोटातल्या एका शाळेत हे पुस्तक वर्गात वाचून दाखवलं जात होतं, आणि डकोटा इतिहासकार वाझियातविन यांची आठ वर्षांची मुलगी रडत घरी आली. मिनेसोटातच १८६२ च्या डिसेंबरात मॅनकेटो इथे अडतीस डकोटा पुरुषांना एकाच वेळी फाशी दिलं गेलं होतं. त्यांच्या वंशातल्या मुलीने, मेलेले तेवढे चांगले हे वाक्य शिक्षिकेच्या तोंडून, सगळ्या वर्गासमोर ऐकावं लागत होतं. तिचं रडणं अतिसंवेदनशीलता होती असं ज्यांना वाटतं, त्यांनी आपल्या मुलाबद्दल तसं वाक्य वर्गात वाचलं जाताना कल्पून पाहावं. तिच्या आईने पुस्तक वर्गातून काढायची मागणी केली, ती त्या वर्गापुरती मला योग्य वाटते. २०१८ मध्ये अमेरिकन बालग्रंथपालांच्या संघटनेने वाइल्डर यांच्या नावाच्या पुरस्काराचं नाव बदललं. १९५४ मध्ये तो पहिल्यांदा त्यांनाच दिला गेला होता. त्याला बंदी म्हणणं चूक आहे, एकही प्रत त्यामुळे कपाटातून हलली नाही.

पण पुस्तकच नको, या मताशी मी सहमत नाही. पुस्तक काढून टाकलं तर लॉराचा प्रश्नही जातो. आणि बाजूला सारल्यावर उरते ती दूरदर्शन मालिका, १९७४ ते १९८३ ची, जिच्यात प्रेअरी म्हणजे सगळ्यांच्या भल्याची गोष्ट झालेली आहे. घर बांधण्याचं, विहिरीचं, हिवतापाचं ते लेखन मुलांना मिळायला हवं. मिळावं ते नऊ-दहा वर्षांच्या पुढे, शेजारी मोठं माणूस असताना. पा ‘झोप’ म्हणतो त्या पानावर पुस्तक मिटून मुलाला विचारावं, आणि नकाशावर ओसेजांचा मुलूख दाखवावा. पाठोपाठ लुईज अर्ड्रिक यांचं १९९९ चं ‘द बर्चबार्क हाऊस’ हाती द्यावं. १८४७ चं साल, लेक सुपीरिअरमधलं बेट, ओमाकायास ही ओजिब्वे मुलगी. तिथेही घर बांधतात, साल सोलतात, कातडी कमावतात, हिवाळा काढतात, आणि देवीची साथ येते. दोन्ही पुस्तकांतल्या मुली जवळपास एकाच वयाच्या आहेत. लिंडा सू पार्क यांनी २०२० च्या ‘प्रेअरी लोटस’मध्ये १८८० च्या डकोटा टेरिटरीत अर्धी चिनी मुलगी उभी केली, त्या स्वतः लहानपणी लॉराच्या भक्त होत्या, आणि ज्या पुस्तकावर प्रेम केलं त्याच्याशी भांडण्यासाठी त्यांनी दुसरं पुस्तक लिहिलं.

राहिला शेवटचा आक्षेप: मुलांना हे झेपेल का? गोष्टीचा आनंद जाणार नाही का? विहिरीत गुदमरणारा माणूस, दाराबाहेर रात्रभर बसलेले लांडगे, तापात सगळं घर पडलेलं असताना बहिणीसाठी पाणी आणायला जमिनीवरून सरपटत गेलेली लॉरा, एवढं सगळं ज्या मुलांना झेपतं, त्यांना ही जमीन कुणाची होती हे कळलं म्हणून गोष्ट नासणार नाही. डास आणि मलेरियाबद्दलचं वाक्य वाचून कुणी पुस्तक खाली ठेवल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.